पाव मैल

वेगाविषयी आपल्या वाडवडिलांचे मत फारसे चांगले नव्हते. 'अति घाई संकटात नेई' हा उपदेश रस्त्याकडेच्या फलकांवर रंगवला जाण्यापूर्वीच घराघरांतून दिला जात असे. ससा आणि कासव यांची गोष्ट सांगताना आपण मुलांना कासवाची बाजू घ्यायला शिकवतो. आणि मुलेही शहाण्यासारखी मान हलवतात. पण त्याच मुलांना झोपाळ्यावर बसवा. "आणखी जोरात!" असे ओरडणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, "जरा हळू" म्हणणारे मूल मात्र अद्याप माझ्या दृष्टीस पडलेले नाही. वेगाची ओढ ही वाईट संगतीने लागणारी खोड नव्हे. ती भुकेसारखी जन्मतःच सोबत येते. तेव्हा ती असावी की नसावी हा वाद व्यर्थ आहे. तिला घरात, गावात, शहरात जागा कोठे द्यायची एवढाच खरा प्रश्न उरतो. काही वर्षांपूर्वी हा प्रश्न एका मोटारसायकलच्या रूपाने माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता उतारवयात मला एका अनोळखी खेळाचा परिचय झाला.

नोकरीच्या निमित्ताने मी कोलकात्यात आलो त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातील गणेशोत्सव सोडला तर आमचे सारे जीवन बंगाली होऊन गेले आहे. हे शहर मला आवडले ते त्याच्या सावकाशपणामुळे. येथे १८७३ साली घोड्यांची ट्राम आली, १९०२ साली विजेची आली, आणि माणसाने ओढायची रिक्षा विसावे शतक ओलांडून पुढे आली. बसचा वाहक आजही बाई उतरताना चालकाला "आस्ते, लेडीज!" असे ओरडून सांगतो. अशा शहरात कोणाला वेगाचे वेड असेल असे दिवसा कोणाच्याही मनात येणार नाही. पण ज्याला कोलकात्याचा वेग पाहायचा असेल त्याने मध्यरात्रीनंतर मैदानाजवळच्या रेड रोडकडे नजर टाकावी.

या रस्त्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. तो इतका रुंद आणि सरळ आहे की दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, जपानी विमानांपासून शहराचे रक्षण करण्यासाठी ब्रिटिशांनी त्याचीच धावपट्टी केली होती. हरिकेन जातीची लढाऊ विमाने येथून आकाशात झेपावत. आज त्याचे अधिकृत नाव इंदिरा गांधी सरणी असे आहे. प्रजासत्ताकदिनाचे संचलन येथेच होते, ईदची मोठी नमाज येथेच होते. विमानाला जो रस्ता पुरला तो विशीतल्या पोराला मोह घालणारच. त्या मोहाची किंमतही या रस्त्याने पाहिली आहे. १३ जानेवारी २०१६ च्या सकाळी संचलनाचा सराव चालू असताना एक भरधाव मोटार अडथळे तोडून आत घुसली आणि हवाई दलाचा एक तरुण जवान प्राणास मुकला. जेथून एकेकाळी वैमानिक शहराच्या रक्षणासाठी उडाले, तेथेच हवाई दलाचा जवान शहरातल्याच एका मोटारीखाली जावा, ही गोष्ट मी अजून विसरू शकलेलो नाही.

माझा भाचा पुण्याचा. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी तो कोलकात्यास आला आणि आमच्या घरी राहू लागला. मुलगा गुणी, अभ्यासू, मामीच्या हाताखाली पोळ्या लाटणारा. दुसऱ्या वर्षी त्याने वडिलांच्या पैशांत शिकवण्यांचे स्वतःचे पैसे घालून दोनशे सी.सी.ची एक मोटारसायकल घेतली. शनिवारी रात्री तो 'मित्रांकडे अभ्यासाला' जाऊ लागला, यात आम्हांला काही वावगे दिसले नाही.

डिसेंबरातल्या एका रात्री दीडच्या सुमारास फोन वाजला. भाचा इस्पितळातून बोलत होता. तो स्वतः सुखरूप होता. पण त्याच्या वर्गमित्राच्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली होती. रिकाम्या रस्त्यावर दोघे शर्यत लावत असता मध्येच एक कुत्रे आडवे आले होते. मी पोहोचलो तेव्हा त्या मित्राचे वडील बाहेरच्या बाकावर बसले होते. शालीच्या आत पायजम्याचा सदरा उलटा घातला गेला होता, इतक्या घाईने ते निघाले होते. "आमि तो जानतामइ ना," एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते. मला तर ठाऊकच नव्हते! त्यांच्याशेजारी बसून मला काय बोलावे ते सुचेना, कारण ते वाक्य माझेही होते.

घरी आल्यावर गाडीची किल्ली कुलपात ठेवावी असे मी म्हटले. माझ्या पत्नीने शांतपणे विचारले, "याची किल्ली काढून घ्याल, पण मित्रांच्या गाड्यांच्या किल्ल्या कोठे कोठे शोधत फिराल? त्यापेक्षा तिथं जाऊन तो नेमकं करतो काय, हे एकदा त्याला विचारा तरी."

मी विचारले. भाचा प्रथम मान खाली घालून बसला. मग त्याने कागद ओढला आणि दोन समांतर रेषा काढल्या. "मामा, वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी थांबतात आणि पाव मैल सरळ जातात. बस्स! याला ड्रॅग रेस म्हणतात. बाहेर देशांत यासाठी वेगळे ट्रॅक असतात. आपल्याकडे नाहीत, म्हणून..." पुढचे वाक्य त्याने पुरे केले नाही.

नंतरचे पंधरा दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचले. प्रथम लक्षात आले ते हे की, ज्या अडचणीत मी सापडलो होतो त्याच अडचणीत पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील हजारो कुटुंबे सापडली होती. महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारी विकत घेऊन त्यांची इंजिने हाताने सुधारीत आणि सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावीत. अपघात वाढले, लोक संतापले. तेव्हा वॅली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून हुसकण्याऐवजी त्यांना जागा द्यावी, नियम द्यावेत आणि घड्याळ द्यावे, असे तिचे धोरण होते. या संस्थेची पहिली अधिकृत स्पर्धा १९५३ साली पोमोना येथे जत्रेच्या मैदानावरील वाहनतळावर भरली, ती तेथील पोलिसांच्या सहकार्याने. पुढल्याच वर्षी संस्थेची काही माणसे एका मोटारीला सामानाची गाडी जोडून देशभर हिंडली आणि सुरक्षित शर्यत कशी भरवावी याचे धडे त्यांनी गावोगावी दिले. १९५५ ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड या गावी, युद्धकाळातील एका विमानतळावर झाली. युद्धाने मागे ठेवलेल्या ओस धावपट्ट्या या खेळाच्या कामी आल्या.

आपल्याकडेही असेच घडले होते, हे वाचून मला नवल वाटले. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर, मुंबईत जुहूच्या विमानतळावर आणि कोलकात्याच्या उत्तरेस बराकपूरच्या धावपट्टीवर स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती भरत. त्या वळणावळणांच्या असत, एवढाच फरक. मद्रासच्या मंडळींनी १९५३ साली आपला क्लब काढला आणि चिकाटीने पुढे इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा कायमचा ट्रॅक उभारला. तेथे मोटारसायकलींच्या पाव मैलाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धाही झाल्या आहेत. बराकपूरची धावपट्टी मात्र हवाई दलाची. तेथल्या शर्यती थांबल्या आणि कोलकात्याच्या तरुणांना मध्यरात्रीच्या रस्त्यावाचून जागा उरली नाही.

पण खरे सांगायचे तर या खेळाचे मर्म मला समजले ते अमेरिकेच्या इतिहासावरून नव्हे, तर आमच्या गावाकडच्या बैलगाड्यांवरून. पुणे जिल्ह्यात यात्रेच्या दिवशी घाटावर बैलगाडे पळतात तेही सरळ रेषेतच. बारी सुटते, "भिर्रर्र" अशी आरोळी उठते, आणि काही सेकंदांत सारे आटोपते. घड्याळवाला सेकंद सांगतो, आणि त्या सेकंदांसाठी शेतकरी वर्षभर बैलांना खुराक देतो, त्यांना जपतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरवला. मधल्या काळात हौस मेली काय? मुळीच नाही. परवानगी आली ती नियमांसह आली, हेच त्यातले महत्त्वाचे. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे मामा, घाटाचा राजा व्हायची हौस आपल्या रक्तातच आहे म्हणायची!"

पुण्यास माझ्या बहिणीला सारे कळवणे भाग होते. ती बराच वेळ फोनवर गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मी नाही म्हटलं तर तो तुझ्यापासूनही चोरून जाईल. तू शेवटपर्यंत त्याच्याबरोबर उभा राहणार असशील तर माझी हरकत नाही." अशा रीतीने मला या खेळात प्रवेश घ्यावा लागला. भाच्याने दोन अटी मान्य केल्या: रस्त्यावर पुन्हा कधीही शर्यत लावायची नाही, आणि खर्चाचा प्रत्येक रुपया व तयारीची प्रत्येक गोष्ट एका वहीत लिहून ठेवायची.

ज्यांच्या घरात असा एखादा तरुण असेल त्यांच्यासाठी त्या वहीतील काही गोष्टी येथे सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे, आरंभी गाडीच्या इंजिनावर एक पैसाही खर्च करू नये. जी गाडी रोज वापरतो तीच नीट स्थितीत असली म्हणजे पुरते. पैसा घालायचा तो शिरस्त्राणावर, चामडी पोशाखावर, हातमोज्यांवर, घोट्यापर्यंतच्या बुटांवर, टायरांवर आणि ब्रेकवर. संपूर्ण चेहरा झाकणारे, हनुवटीखाली दोन कड्यांतून पट्टा ओवून बांधायचे चांगले शिरस्त्राण आमच्या खरेदीतील मोठ्या खर्चाची बाब ठरले. दुकानदाराला त्याचे नवल वाटले. पण माझ्या बहिणीला नसते वाटले.

दुसरी गोष्ट तपासणीची. शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडी तपासनिसापुढे न्यावी लागते. वेगाची मूठ सोडताच ती आपोआप मिटते की नाही, तेल कोठे गळते काय, चेनचा ताण योग्य आहे काय, ब्रेक घट्ट लागतात काय, हे सारे तो पाहतो. मनगटाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक इंजिन बंद करणाऱ्या कळीला जोडतात. स्वार पडला की दोरी निसटते आणि इंजिन थांबते. इतकी साधी युक्ती, पण किती प्राण तिने वाचवले असतील! शिवाय स्पर्धकाला मोटार-क्रीडा महासंघाचा परवाना काढावा लागतो, आणि रुग्णवाहिका जागेवर उभी असल्यावाचून शर्यत सुरू होत नाही.

तिसरी गोष्ट थांबण्याची. ती मी भाच्याला कागदावर मांडून दाखवली. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटर. समोरचा धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी ३० मीटर गेलेच. त्यानंतर उत्तम ब्रेक लागले तरी गाडी थांबायला आणखी पाऊणशे मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच शर्यतीची पट्टी ४०२ मीटरांची असली तरी तिच्यापुढे थांबण्यासाठी तितकीच किंवा अधिक मोकळी जागा ठेवतात. रस्त्यावर ही जागा कोणी राखून ठेवलेली नसते. तेथे कुत्रे असते, रिक्षा असते, रात्रपाळी संपवून परतणारा माणूस असतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील शंभरांत चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हा आकडा वाचून झाल्यावर भाच्याने माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि स्वतः तेच गणित ताशी ८० चा वेग धरून पुन्हा करून पाहिले.

कोलकात्याजवळ सोय नव्हती. महाराष्ट्रात मात्र लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर त्या वर्षांत पाव मैलाच्या स्पर्धा होत असत आणि हौशी माणसांना त्यांत भाग घेता येई. पुण्याचे घर जवळ असल्याने तेथेच जायचे ठरले. मोटारसायकल हावड्याहून पुण्याच्या गाडीने पार्सल केली. रेल्वेच्या नियमाप्रमाणे टाकीतला पेट्रोलचा थेंब न् थेंब काढला, हँडलाला गोणपाट गुंडाळले, आणि वऱ्हाडातल्या नवरीची पाठवणी करावी तशी तिची पाठवणी केली. आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये आम्ही तिघे, आणि पार्सलच्या डब्यात ती चौथी.

धावपट्टीवरचे वातावरण पाहून मी चकित झालो. उन्माद असेल, आरडाओरडा असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तेथे एखाद्या परीक्षेच्या केंद्रासारखी शिस्त होती. इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे वर्ग पाडलेले, प्रत्येकाला क्रमांक दिलेला, प्रेक्षकांना अडथळ्यांच्या मागे दूर उभे केलेले. कोट्यवधी रुपयांच्या परदेशी मोटारीच्या मागे एका मेकॅनिकची जुनी दोन-स्ट्रोकची फटफटी रांगेत उभी होती, आणि दोघांना नियम एकच. ताव्यातले तेल तापवावे तसे मागचे चाक जागेवर फिरवून टायर तापवणारी मंडळी पाहून माझ्या पत्नीने नाकाला पदर लावला. परंतु ती तेथून हलली मात्र नाही.

आरंभरेषेवर एक दिव्यांचा खांब असतो. १९६३ पासून अमेरिकेत तो वापरात आला. जमिनीलगत प्रकाशाचा एक अदृश्य किरण सोडलेला असतो. पुढचे चाक त्यावर नेमके आले की खांबावरचे छोटे दिवे लागतात. मग तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागत खाली उतरतात, आणि शेवटी हिरवा. हिरव्यापूर्वी चाक हलले की आपल्या बाजूला लाल दिवा लागतो, आणि स्पर्धक बाद. पहिल्याच फेरीत भाच्याच्या बाजूला लाल लागला. रात्रीच्या रस्त्यावर ज्या उतावीळपणाला त्याचे मित्र धाडस म्हणत, त्याला येथे लाल दिव्यावाचून दुसरे नाव नव्हते.

दुसऱ्या फेरीत तो इतका सावध राहिला की हिरवा दिवा लागून जवळजवळ एक सेकंद झाल्यावर निघाला. तिसरी फेरी मात्र मी जन्मभर विसरणार नाही. शेजारच्या पट्टीवर साताऱ्याचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. आदल्या तासाला आमच्या गाडीची चेन सैल झाली तेव्हा त्यांनीच आपला पाना दिला होता आणि चेन ताणायला मदतही केली होती. दोघे एकदमच सुटल्यासारखे वाटले, एकदमच पोहोचल्यासारखे वाटले. हातात कागद आला तेव्हा त्यावर लिहिले होते: भाच्याने पट्टी १७.३१ सेकंदांत कापली, त्या गृहस्थांनी १७.५४ सेकंदांत. तरी जिंकले ते! कारण पट्टी कापण्याचे घड्याळ चाक हलल्यावर सुरू होते; पण शर्यत सुरू होते ती हिरवा दिवा लागल्यावर. दिवा पाहून हलायला भाच्याला ०.६२ सेकंद लागले होते, त्यांना ०.३१. बेरीज करून पाहा. आठ शतांश सेकंदाने, म्हणजे दोन-अडीच मीटरांनी, ते पुढे होते. भाच्याची गाडी अधिक वेगवान होती, पण ते गृहस्थ अधिक जागरूक होते.

हरल्यावर भाचा खिन्न होईल असे मला वाटले. तो तो कागद घेऊन थेट त्या गृहस्थांकडे गेला आणि दिव्याकडे कसे पाहावे हे विचारू लागला. ते म्हणाले, "हिरव्याची वाट पाहू नका. शेवटच्या पिवळ्याकडे पाहा, श्वास सोडा, आणि क्लच एकदम सोडू नका; लेकराच्या हातातून पेला घेतात तसा हळूच सोडा." पहिल्या गिअरात अधीरपणे क्लच सोडला की पुढचे चाक वर उचलते किंवा मागचे जागीच घसरते, आणि दोन्हींत वेळ जातो. छाती टाकीवर टेकवून शरीराचा भार पुढे ठेवावा लागतो. शिवाय ही धावपट्टी सह्याद्रीच्या माथ्यावर असल्याने हवा किंचित विरळ. इंजिनाला कोलकात्याच्या सपाटीवर मिळतो तेवढा श्वास येथे मिळत नाही. हे सारे संध्याकाळी वहीत उतरले. ताप असलेल्या मुलाच्या उशाशी बसून आपण तापमान टिपतो तशा निष्ठेने माझी पत्नी आकडे टिपत होती.

या खेळाचा आणखी एक प्रकार मी वाचला आहे, तो तर मला फारच आवडला. अमेरिकेतील हौशी मंडळी शर्यतीपूर्वी आपली गाडी किती सेकंदांत पट्टी कापील हे स्वतःच जाहीर करतात. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, म्हणजे जुनी घरगुती मोटारही नव्या कोऱ्या मोटारीशी लढू शकते. मात्र जाहीर केल्यापेक्षा कमी वेळात कोणी पोहोचला तर तोच हरतो! म्हणजे येथे जिंकायचे ते दुसऱ्याला नव्हे, स्वतःच्या शब्दाला. आपल्याकडे हौशी स्पर्धांत हा प्रकार रुजला तर बाबांची जुनी अँबॅसडर घेऊन मुलगा आणि मुलाची मोटारसायकल घेऊन बाप, असे एकाच पट्टीवर उतरू शकतील. आमच्या शेजारच्या उत्तरपाड्यास जिची घडण झाली आणि २०१४ साली जिचे उत्पादन थांबले, त्या अँबॅसडरला यापेक्षा चांगले वानप्रस्थ कोणते मिळणार?

हा खेळ निर्धोक आहे असे माझे म्हणणे नाही. वेगाशी संबंध आला की धोका आलाच. अमेरिकेत २००८ साली एका नामांकित स्पर्धकाचा मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणण्यात आले. पण मला त्यातही या खेळाचा चांगुलपणाच दिसतो. एक माणूस गेला आणि नियम बदलला. रस्त्यावर माणसे रोज जातात, आणि तेथे बदलते काय? दुसऱ्या दिवशी काचा झाडल्या जातात, एवढेच.

भाच्याचा तो मित्र चार महिन्यांनी चालू लागला. पाय किंचित लंगडतो. गाडी पुन्हा चालवण्याचे त्याच्या मनात नव्हते, पण वही पाहून तो तिच्यात रमला आणि पुढल्या वर्षी आकडे टिपण्याचे काम त्याने माझ्या पत्नीकडून हक्काने काढून घेतले. त्याचे वडीलही एकदा आमच्याबरोबर पुण्यास आले. ते फारसे बोलले नाहीत. प्रत्येक फेरीला मात्र अडथळ्याच्या मागे उभे राहून घड्याळ पाहत होते. "आता निदान कुठं आहे ते ठाऊक असतं," असे ते परतीच्या गाडीत बंगालीत म्हणाले. भाचा आज नोकरीला आहे. शहरात गाडी चालवताना त्याच्या मागे बसलेल्याला कधीकधी कंटाळा येतो, इतका तो सावकाश चालवतो. कोणी सिग्नलपाशी इंजिन गुरगुरवून आव्हान दिले तर हा हसून त्याला पुढे जाऊ देतो. एकदा मी कारण विचारले. "मामा, इथं वेळ कोण मोजणार?" तो म्हणाला.

कोलकात्यासारख्या महानगरात मुलांना क्रिकेटसाठी मैदान आहे, घोड्यांसाठी शेकडो एकरांचे शर्यतीचे मैदान आहे. मोटारसायकलीसाठी अर्धा कोस सरळ रस्ता मात्र नाही. वापरात नसलेली एखादी धावपट्टी, एखाद्या औद्योगिक वसाहतीतील वाहतूक नसलेला सरळ रस्ता, वर्षातून चार दिवस पोलिसांच्या देखरेखीखाली मोकळा करून देणे अशक्य नाही. मोजण्याची यंत्रे भाड्याने मिळतात, नियम तयार आहेत, माहितगार माणसे आहेत. पोमोनाच्या पोलिसांनी १९५३ साली जे ओळखले ते ओळखायला आपल्याला फार उशीर होऊ नये.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत हे काम आईबापांनी, मामामामींनी, काकाकाकूंनी करायचे आहे. शनिवारी रात्री मुलगा कोठे जातो हे त्याला दरडावून विचारण्यापेक्षा, तो तिथे जाऊन काय करतो, त्यात त्याला काय आवडते, हे विचारून पाहावे. उत्तर कदाचित आपल्याला न समजणाऱ्या शब्दांत येईल. तेव्हा एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवावा, आणि त्याने काढलेल्या दोन रेषा शांतपणे पाहून घ्याव्यात.